अफवा, भटके आणि समाजमाध्यमे : राईनपाड्याच्या निमित्ताने

समाजमाध्यमांच्या दुष्परिणामांची चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञानाला दोष देऊन थांबते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे घडलेले हत्याकांड या दृष्टीने पुन्हा तपासावे लागते. मुले पळविणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांनी परिसर धास्तावलेला होता. आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यातून प्रसाराचा वेग कमी होऊ शकतो, संशयाचे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, दृष्टी मात्र टिकून राहिली. ‘टोळी’ म्हणजे कोण, हे शेवटी जमावाने ठरविले आणि त्याला दारोदार फिरणारा परका माणूसच दिसला. पुण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फेरीवाले, भंगारवाले यांच्याविषयी फिरणारे इशारे वाचले, तर ही वृत्ती केवळ दुर्गम खेड्यांची आहे, असे म्हणणे कठीण जाते.