भूमी-उपयोग नियोजन कायद्याचा अभ्यास : साखरखेर्ड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

भूमी-उपयोग कायद्याचा अभ्यास बहुधा महानगरांच्या विकास योजनांभोवती फिरतो, ही त्याची मूलभूत मर्यादा होय. १७२४ च्या लढाईमुळे इतिहासाला परिचित असलेले सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा या दृष्टीने विचारात घ्यावे. अशा गावात गावठाणातील बांधकामाचा संबंध १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाशी, शेतजमिनीच्या अकृषिक वापराचा १९६६ च्या जमीन महसूल संहितेशी, तर क्षेत्रनियोजनाचा त्याच वर्षीच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाशी येतो. गावठाण वाढून लगतच्या शेताचे भूखंड पडू लागले की हे तिन्ही कायदे परस्परांत गुंततात. अभ्यासात मात्र ते सुटे राहतात.

२०१४ नंतर अकृषिक परवानगीच्या अटी टप्प्याटप्प्याने शिथिल झाल्या. शेतकऱ्याचे हेलपाटे कमी झाले, हे स्वागतार्हच. परंतु वापर बदलल्याने नियोजन आपोआप घडत नाही. रस्ता, सांडपाणी व मोकळी जागा यांची तजवीज नसलेल्या भूखंडाचा भार अखेर खरेदीदारावर व ग्रामपंचायतीवर पडतो. २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्णतः खुला झाल्यानंतर या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. म्हणून अध्यापनाचा आरंभ एखाद्या गटाचा सातबारा व गावनकाशा समोर ठेवून व्हावा. कलमांचे विवेचन त्यानंतर यावे.