निसर्गाचा ताळेबंद आणि राधानगरीचे पाणी

एखाद्या शेतकऱ्याने गोठ्यातली म्हैस विकली आणि आलेले पैसे दुधाच्या हिशेबात जमा केले, तर त्या वर्षी त्याचे उत्पन्न भरपूर वाढलेले दिसेल. पुढच्या वर्षी मात्र चरवी रिकामी राहील. देशाचे उत्पन्न मोजताना आपण असेच काहीसे करतो. जंगल तोडून लाकूड विकले की स्थूल देशांतर्गत उत्पादन वाढते. पण जंगल कमी झाले, त्याची वजाबाकी त्या हिशेबात होत नाही.

ही चूक अतिशय सविस्तरपणे दाखवून देणारा ग्रंथ म्हणजे पार्थ दासगुप्ता यांचा ‘जैवविविधतेचे अर्थशास्त्र’ हा अहवाल. केंब्रिज विद्यापीठातील या अर्थशास्त्रज्ञांकडे ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१९ मध्ये हे काम सोपवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे ६०० पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उत्पन्न मोजू नका, संपत्ती मोजा, हे त्याचे सार. संपत्तीचे तीन भाग केले आहेत. रस्ते, यंत्रे, इमारती हे उत्पादित भांडवल. शिक्षण, आरोग्य, कौशल्ये हे मानवी भांडवल. माती, पाणी, जंगल हे नैसर्गिक भांडवल. १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई उत्पादित भांडवल दुप्पट झाले, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. म्हणजे म्हशी विकून गोठा पक्का बांधला!

निसर्ग हिशेबातून का निसटतो, याचे अहवालातील विवेचन मला फार मोलाचे वाटते. निसर्ग फिरता आहे, अदृश्य आहे आणि मुका आहे, असे दासगुप्ता म्हणतात. हे पडताळून पाहायला राधानगरीसारखी जागा नाही. दाजीपूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस जंगलाच्या मातीत मुरतो, ओढ्यांतून भोगावतीत येतो, पंचगंगेतून कोल्हापूर गाठतो आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतो. वाटेत त्यावर ऊस पिकतो. हा झाला फिरतेपणा. मातीतले बुरशीचे धागे आणि जिवाणू दिसत नाहीत. आणि जंगल कमी झाले तर ते तक्रारही करीत नाही.

इथवर अहवाल पटतो. अडचण येते ती किंमत लावताना. निसर्गाच्या सेवांना बाजारभाव नसतो, म्हणून त्यांची समाजाच्या दृष्टीने होणारी ‘हिशेबी किंमत’ काढावी, असे दासगुप्ता सुचवतात. तत्त्व बरोबर आहे. पण ते कचेरीत पोचल्यावर त्याचे काय होते?

याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. वनजमीन अन्य कामाला देताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल केले जाते. म्हणजे जंगलापासून पुढील वर्षांत मिळणारे फायदे आजच्या रुपयांत मांडून येणारी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्याचे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले. अभयारण्यात त्याच्या पाचपट. २०२२ मध्ये हे दर वाढवले गेले. राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर, म्हणजे ३५,१०० हेक्टर. २००८ च्या सर्वांत चढ्या दराने सुमारे ३,६६० कोटी, आणि पाचपट धरल्यास सुमारे १८,३०० कोटी रुपये होतात. आकडा मोठा आहे. पण एवढ्या पैशांत भोगावतीचे उगमक्षेत्र दुसरीकडे उभे करता येईल का?

शिवाय हा दर जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून ठरतो, जागा पाहून नाही. ओढ्याच्या उगमावरचा एक हेक्टर आणि दूरच्या उतारावरचा तशाच जंगलाचा एक हेक्टर, दोन्ही एकाच भावाचे. म्हणजे निसर्गाचा जो फिरतेपणा दासगुप्तांनी इतक्या नेमकेपणाने सांगितला, तोच या दरात पुसला जातो. कोणत्या गोष्टीची जागा दुसरी कशानेच भरून निघत नाही, हा इशारा अहवालात आहे. परंतु वाचकाच्या लक्षात राहतात ती जागतिक सरासरीची टक्केवारी.

दुसरी उणीव वाटपाची. गरिबांचे जगणे सामाईक रानावर कसे अवलंबून असते, हे दासगुप्तांनी अनेक वर्षे मांडले आहे. तरी एका बेरजेत कोणाचा तोटा आणि कोणाचा फायदा हे दिसत नाही. पाणी खाली जाते. रात्री गवे शिवारात उतरतात ते मात्र वरच्या वाडीच्या. काळम्मावाडीच्या धरणासाठी गावे उठली आणि भिजली ती खालची शेते.

राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. ते पुरे होण्याआधीच, १९२२ मध्ये, त्यांचे निधन झाले. द.सा.द.शे. ५ टक्क्यांनी हिशेब केला, तर शंभर वर्षांनंतरच्या एक लाख रुपयांच्या फायद्याचे आजचे मोल जेमतेम ७६० रुपये भरते. चक्रवाढ व्याज शिकवताना हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे, आणि मग विचारावे की एवढ्या मोलासाठी कोणी धरण बांधायला घेतले असते का?

निसर्गाचा ताळेबंद हवाच. त्यासाठी हा अहवाल शिक्षकांनी अवश्य वाचावा. फक्त रुपयांच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. पाणी कुठून येते, कुठे जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीत लिहावे.