पात्र, अपात्र, प्रलंबित : वऱ्हाडातील दुःखाच्या कागदी व्याख्येची चिकित्सा

पत्रिकेवर आजचा विषय ‘सामाजिक अन्याय आणि माणसाचे मन’ असा छापला आहे. एवढा विषय एका तासात आवरणार नाही, म्हणून आम्ही तो तीन शब्दांपुरताच घेणार आहोत : पात्र, अपात्र आणि प्रलंबित. अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना हे शब्द समजावून सांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून जे ऐकत आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

शेतकऱ्याची आत्महत्या झाली की गावातून तहसीलला कळवले जाते. पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल येतो. सातबारा, आठ-अ, कर्जाचा दाखला, बँकेची किंवा सोसायटीची नोटीस असे कागद गोळा होतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती बसते आणि प्रकरण पात्र, अपात्र किंवा चौकशीसाठी प्रलंबित ठरवते. पात्र ठरले तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, अशी २००६ पासूनची रीत. निकष काय? शेती घरातल्या कुणाच्या तरी नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि मृत्यूचे कारण नापिकी, कर्जबाजारीपणा किंवा वसुलीचा तगादा असायला हवे. अमरावती विभागात २००१ पासूनची मोजदाद याच खान्यांत ठेवलेली आहे.

आता कुणी म्हणेल, सरकारी पैसा आहे, निकष नको का? हवेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी, की मदतीसाठी आखलेले हे खाने हळूहळू दुःखाची व्याख्या बनले. मदतीच्या नियमात बसत नाही, एवढ्यापुरता ‘अपात्र’ हा शब्द होता. गावात त्याचा अर्थ झाला, ‘याचं मरण खोटं होतं.’

आमचा एक विद्यार्थी होता, नाव सांगत नाही. दर्यापूरकडच्या बसने यायचा. वडिलांनी दुसऱ्याचे वावर मक्त्याने केले होते. मक्ता तोंडी, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचे. बी-बियाण्याचे पैसे गावातल्याच एका माणसाकडून घेतलेले, ना परवाना ना पावती. वडील गेले आणि प्रकरण अपात्र झाले. ते नियमाला धरूनच झाले, हे आम्ही मान्य करतो. पण पोराची आई आम्हाला काय म्हणाली? “सर, पैशाचं जाऊ द्या. पन लोकं म्हनतात, घरातच काही तरी असन, म्हनून कागद नाही झाला.” ती बाई दोन वर्षे माहेरच्या लग्नकार्याला गेली नाही. डोके दुखते, छातीत धडधडते म्हणून दवाखान्यात जायची, गोळ्या घेऊन यायची. तिच्या दुखण्यात नवऱ्याच्या जाण्याचा वाटा किती आणि त्या एका शब्दाचा किती, हे कोणत्या यंत्राने मोजणार?

अन्यायाने मन आजारी पडते म्हणजे काय, ते आम्हाला असे दिसते. अन्याय आधी माणसाकडून काही हिरावून घेतो आणि मग हिरावले गेले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्याच डोक्यावर ठेवतो. या दुसऱ्या ओझ्याने माणूस जास्त वाकतो.

आता तर्काकडे वळू. या पद्धतीत आम्हाला दोन दोष दिसतात.

पहिला दोष कारणाच्या कल्पनेचा. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने कारणाचे तीन प्रकार सांगितले आणि उदाहरण घेतले कापडाचे. वऱ्हाड कापसाचा मुलूख, तेव्हा आपल्याला ते लगेच कळेल. कापडाचे समवायी कारण म्हणजे सूत. त्या सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. विणकर आणि त्याचा धोटा हे निमित्त कारण. तिन्हींशिवाय कापड होत नाही. चौकशीचा कागद मात्र एकच विचारतो : शेवटी काय घडले? नवरा-बायकोचे भांडण? दारू? नोटीस? म्हणजे फक्त निमित्त. सूत कुणी विचारतच नाही. कोरडवाहू वावर, कापसाचा भाव, सलग फसलेले दोन हंगाम, मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, हे सूत. हे सगळे एकाच घरात, एकाच वर्षात एकमेकांत गुंतणे हा संयोग.

२००६ साली श्रीजित मिश्रा यांनी मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसाठी अहवाल लिहिला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधल्या १११ घरांची माहिती त्यात होती. एकेका घरात अनेक जोखमी एकत्र नांदत होत्या, हे त्यातून पुढे आले. म्हणजे ‘दारू पीत होता’ हे खरे असू शकते आणि ‘कर्जात होता’ हेही खरे असू शकते. एक खरे म्हणून दुसरे खोटे, हा तर्कच चुकीचा. पण चौकशीत दारूची नोंद झाली, की तिच्या आडून कर्ज दिसेनासे होते.

दुसरा दोष साक्षीचा. मिरांडा फ्रिकर या तत्त्वचिंतक बाईंनी २००७ च्या आपल्या पुस्तकात ज्ञानाच्या बाबतीतल्या अन्यायाची मांडणी केली. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाला कमी वजन देणे, हा त्यातला एक प्रकार. दुसरा प्रकार अधिक खोल आहे. आपल्यावर काय गुदरले ते सांगायला समाजाच्या भाषेत शब्दच नसणे. वऱ्हाडात दोन्ही प्रकार सापडतात. सातबारा बोलतो, बाई बोलत नाही. निंदण, खुरपण, वेचणी तिची, पण वावर तिच्या नावावर क्वचितच. ती स्वतः गेली तर बहुतेक वेळा ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाते. घरकाम करणारी शेतकरी असू शकते, हे त्या रकान्याला ठाऊकच नाही.

आणि शेतमजूर? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालची आकडेवारी दिली. देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. नीट ऐका, मजूर जास्त आहेत. त्या ११,२९० पैकी ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. आपल्या भाषणांत, कवितांत, मोर्च्यांत ‘शेतकरी आत्महत्या’ हा शब्द रुळला. ‘मजुराची आत्महत्या’ असा शब्द रुळला का? नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे मरण मोजले जाते, पण बोलले जात नाही. जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, याचा जातीशी काय संबंध आहे, हे या सभागृहात आम्ही सांगायला नको. तेव्हा टीका सरकारवर करायची तर तेवढीच आपल्यावरही करावी लागेल.

आता दुसरी बाजू. काही जण म्हणतात, हा मनाचा आजार आहे, समुपदेशन करा. आम्ही पूर्वी या म्हणण्याची थट्टा करत होतो. भाव द्यायचा नाही आणि वरून उपदेश, असे आम्ही भाषणांत म्हणत असू, टाळ्याही मिळायच्या. आज ते मत आम्ही जाहीरपणे दुरुस्त करतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच साध्या लोकांना शिकवून नैराश्य ओळखणे, बोलते करणे, गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत नेणे, असे त्याचे स्वरूप. २०१७ साली त्याचे निष्कर्ष लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळे श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही. तरीही पहिल्या आकड्याकडे बघा. शंभरातले पंचाण्णव जण कुणाकडेच गेले नव्हते! त्यांना ‘आधी भाव मिळू द्या, मग मनाचे बघू’ असे सांगणारे आम्ही कोण?

पण समुपदेशनालाही एक पथ्य पाळावे लागेल. लक्षणाला परिस्थितीपासून तोडायचे नाही. आशाताई घरी येऊन विचारतात, “झोप लागते का?” उत्तर येते, “लाईन रातची असते, झोप कवा लागन?” ओलितासाठी वीज रात्री, म्हणून माणूस रात्री वावरात. झोप उडणे हे लक्षण खरेच, पण विजेचे वेळापत्रकही खरेच. तसेच खारपाणपट्ट्याचे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्यातली शेकडो गावे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. ते पिकाला चालत नाही, माणसालाही मानवत नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार घरोघर ऐकू येते. अशा घरात नैराश्य मोजायला जाल तर प्रश्नावलीत पाण्याचा प्रश्न घालावाच लागेल. आणि हे सगळे विचारत फिरणारी आशाताई स्वतः तुटपुंज्या मानधनावर काम करते. तिला कोण विचारते, “ताई, तुम्हाला झोप लागते का?”

आमच्या स्वतःच्या विषयाचीही थोडी झाडाझडती घेतो. आम्ही अनेक वर्षे वर्गात कामू शिकवला. १९४२ सालच्या त्याच्या निबंधाची सुरुवातच आत्महत्येच्या प्रश्नापासून होते. जगणे निरर्थक असेल तर जगावे का, असा तो प्रश्न. आम्ही रंगून शिकवत असू. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, याच्यात कर्जाचं कुठंच नाही.” वर्ग हसला, आम्हीही हसलो. आज वाटते, ती त्या तासातली सगळ्यात गंभीर टीका होती. आमच्या मुलखातल्या माणसाला जगणे निरर्थक वाटत नाही हो! त्याला अर्थ पुरेपूर ठाऊक असतो : लेकीचे शिक्षण, घरावरची टिनं, पुढच्या हंगामाचे बी. तो अर्थ सांभाळायचे साधन हातातून जाते.

मग समाज काय करू शकतो? आपल्या भागातली दोन उदाहरणे घेऊ. पहिले गाडगेबाबांचे. ‘कर्ज काढून सण-लग्न करू नका’ हे त्यांचे सांगणे आजही शेतकऱ्याला ऐकवले जाते. पण बाबा ते कुणाला आणि कसे सांगत? कीर्तनात, समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. रोख सणावारी लुटणाऱ्या सावकारीवर आणि देवाच्या नावाच्या खर्चावर असे. आजचे कर्ज बियाण्याचे, फवारणीचे, दवाखान्याचे आहे. त्याला तेच वाक्य खुर्चीत बसून ऐकवणे म्हणजे बाबांचा खराटा उलटा धरणे. बाबांची घ्यायची ती पद्धत. गावाने एकत्र बसून प्रश्न विचारायचा आणि कुणा एकाला उघडे पाडायचे नाही.

दुसरे उदाहरण अंबादेवीचे. १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली. पंजाबराव देशमुख तिच्यात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला आले. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यात काय घडले? पिढ्यानपिढ्या जो अपमान माणूस एकेकट्याने गिळत होता, तो चौकात आला. ‘माझ्यातच काही कमी असेल’ याची जागा ‘हे आपल्यावर केले जाते आहे’ या वाक्याने घेतली. ‘मी’चा ‘आपण’ झाला. मनाला बळ देणारे याहून मोठे औषध आम्हाला तरी ठाऊक नाही. नुसता धीर दिल्याने हा बदल होत नाही, त्यासाठी संघटना लागते.

शेवटी आमचे म्हणणे तीन वाक्यांत. मदतीचे निकष ठेवा, पण ‘अपात्र’ हा शब्द कुटुंबाच्या कागदावरून काढा. ‘या योजनेत बसत नाही, अमुक योजनेत अर्ज करा’ असे लिहायला शाई तेवढीच लागते. चौकशीत घरातल्या बाईचे म्हणणे तिच्या शब्दांत नोंदवा आणि मक्तेदार, बटईदार, मजूर यांच्यासाठी रकाना करा. आणि समुपदेशन जरूर वाढवा, पण गावात जे ऐकू आले ते वीज, पाणी, पतपुरवठा पाहणाऱ्या कचेऱ्यांपर्यंत पोचलेच पाहिजे, अशी सोय करा.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, हे सगळे होईस्तोवर शेजारच्या घरात कुणी खचलेला दिसला, तर आम्ही काय करायचे?)

फार चांगला प्रश्न विचारला. घरी जा. कर्ज किती, हे आधी विचारू नका. “कसं चाललं?” एवढे विचारा आणि गप्प बसून ऐका. मनात मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायलाही भिऊ नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. येतो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे घरातून हलवा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. आणि ज्या घरावर कधीकाळी ‘अपात्र’ हा शिक्का बसला आहे, त्या घरच्या बाईला पुढच्या लग्नाचे बोलावणे स्वतः जाऊन द्या. तेवढ्यासाठी कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही.

थांबतो.