मेलेली माणसं परत येतात, गोष्ट पुढे जात नाही

1973 साली 'ऑल माय चिल्ड्रेन' या अमेरिकन मालिकेत एरिका केन ही महत्त्वाकांक्षी तरुणी गर्भपात करून घेते. तिला मॉडेल व्हायचं असतं, मूल नको असतं. गर्भपाताच्या हक्काचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या जानेवारीत दिला होता. दुपारच्या वेळी, इस्त्री करता करता मालिका पाहणाऱ्या बायकांच्या समोर एका लोकप्रिय नायिकेने हा निर्णय घ्यावा, ही टेलिव्हिजनच्या इतिहासातली मोठी घटना होती. पुढे तीस-बत्तीस वर्षांनी याच मालिकेच्या नव्या लेखकांनी एक रहस्य उलगडलं: तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने एरिकाचा गर्भ चोरून स्वतःच्या बायकोच्या पोटात वाढवला होता, आणि आता तो जॉश नावाचा देखणा तरुण होऊन आईसमोर उभा होता.

वैद्यकशास्त्राला हे शक्य नाही, ही तक्रार दुय्यम आहे. खरं नुकसान वेगळंच झालं. एका स्त्रीने घेतलेला आणि तीन दशकं स्वतःजवळ बाळगलेला निर्णय चार भागांच्या खळबळीसाठी पुसून टाकला गेला. प्रेक्षकांच्या आठवणीत जे घडलं होतं, ते घडलंच नाही असं त्यांना सांगितलं गेलं. दुपारच्या मालिकांमधलं साचलेपण म्हणतात ते हेच. पडद्यावर रोज काहीतरी घडत असतं. अपहरण, खून, जुळा भाऊ, स्मृतिभ्रंश, शुद्धीवर येणं. पण त्यातल्या कशाचाही परिणाम टिकत नाही.

या प्रकाराचं वय लक्षात घेतलं तर ही पडझड किती मोठी आहे ते कळतं. अर्ना फिलिप्स या शिकागोच्या लेखिकेने 1930 मध्ये रेडिओवर अशा कथा सुरू केल्या. तिची 'द गायडिंग लाइट' 1937 मध्ये रेडिओवर आली, 1952 मध्ये टेलिव्हिजनवर गेली आणि सप्टेंबर 2009 मध्ये संपली. 72 वर्षं चाललेली एक गोष्ट! साबण आणि धुण्याची पावडर विकणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी यांतल्या अनेक मालिकांची मालक आणि निर्माती होती. अशा मालिकांना 'सोप' हे नाव तिथूनच मिळालं. 1969-70 च्या सुमारास अमेरिकेत दिवसा एकोणीस मालिका चालू होत्या. आज मोठ्या वाहिन्यांवर चार उरल्या आहेत. पाचवी 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. ती 1965 पासून एनबीसीवर होती आणि सप्टेंबर 2022 मध्ये पीकॉक या ऑनलाइन मंचावर गेली.

बायका नोकरीला जाऊ लागल्या, केबल आलं, 1995 मध्ये ओ. जे. सिम्पसनच्या खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने महिनोन्‌महिने दुपार व्यापली आणि सुटलेले प्रेक्षक परतले नाहीत, गप्पांचे कार्यक्रम स्वस्तात होतात, अशी कारणं नेहमी दिली जातात. ती खरी आहेत. पण या कारणांच्या आडोशाला मालिका चालवणारे लोक फार सहज लपतात. त्यांचं आणखी एक आवडतं कारण आहे: प्रेक्षकालाच बदल नको असतो. हे मात्र खोटं आहे, आणि या मालिकांचा स्वतःचा इतिहासच ते खोडून काढतो.

1962 मध्ये अ‍ॅग्नेस निक्सन 'द गायडिंग लाइट' लिहीत होती. बर्ट बाउअर या सर्वांच्या लाडक्या गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग असल्याचं निदान वेळीच तपासणी केल्यामुळे होतं, असं कथानक तिने मांडलं. वाहिनी आणि प्रायोजक बिचकले. 'कर्करोग' आणि 'गर्भाशय' हे शब्द उच्चारायचे नाहीत, या अटीवर परवानगी मिळाली. निक्सनने ते शब्द टाळून गोष्ट सांगितली आणि बायकांची पत्रं आली: आम्हीही तपासणी करून घेतली. 1968 मध्ये तिने 'वन लाइफ टू लिव्ह' सुरू केली. त्यात कार्ला ही गोरी वाटणारी तरुणी होती. ती कृष्णवर्णीय आहे आणि ते लपवून जगते आहे, हे प्रेक्षकांना काही महिने कळू दिलं नाही. तोवर ती त्यांना आपलीशी झाली होती. रोज भेटणाऱ्या माणसाबद्दल आपला पूर्वग्रह उघडा पडणं हा अनुभव दोन तासांचा सिनेमा देऊ शकत नाही. त्यासाठी रोजच्या भेटीच लागतात. निक्सनला या माध्यमाची ताकद नेमकी कळली होती.

बदलाची भीती वरून खाली झिरपत होती. खालून वर नव्हे.

'जनरल हॉस्पिटल'ची गोष्ट गुंतागुंतीची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. 1963 मध्ये सुरू झालेली ही मालिका 1978 मध्ये बंद पडण्याच्या बेतात होती. एबीसीने ग्लोरिया मॉन्टी या निर्मातीला बोलावलं. तिने लांबलचक संवादांची दृश्यं कापून छोटी केली, वेग वाढवला, प्रौढ डॉक्टर-परिचारिकांऐवजी तरुण पात्रं मध्यभागी आणली. नोव्हेंबर 1981 मध्ये ल्यूक आणि लॉरा यांचं लग्न झालं तेव्हा सुमारे तीन कोटी लोक टीव्हीसमोर होते. एलिझाबेथ टेलर त्या भागांत पाहुणी कलाकार म्हणून आली. दुपारच्या मालिकेला एवढा प्रेक्षक त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही.

पण त्याच जोडीच्या मुळाशी 1979 मधला एक प्रसंग होता. त्यात ल्यूक लॉरावर बलात्कार करतो. प्रेक्षकांना जोडी आवडली म्हणून मालिकेने त्या प्रसंगाला हळूहळू 'मोहाचा क्षण' करून टाकलं आणि त्यावर प्रेमकथा उभी केली. गंमत नव्हती ती. एका पिढीला चुकीचं शिकवणारी गोष्ट होती. त्याच वर्षी 'द गायडिंग लाइट'मध्ये ब्रिजेट आणि जेरोम डॉब्सन हे लेखक दांपत्य हॉली या पात्राकरवी नवऱ्यावरच बलात्काराची फिर्याद दाखल करवत होतं. म्हणजे काळाच्या मर्यादा होत्या म्हणून असं झालं, हे म्हणायलाही जागा नाही.

1998 मध्ये 'जनरल हॉस्पिटल'ने जे केलं ते मात्र या सगळ्या कलाप्रकाराचं भूषण ठरावं. ल्यूक-लॉराचा किशोरवयीन मुलगा लकी एका बलात्कारित मैत्रिणीला आधार देत असतो आणि त्याच काळात त्याला आपल्या आईवडिलांची खरी हकिकत कळते. एकोणीस वर्षांपूर्वीचा प्रसंग, तेच दोन नट, तोच चेहरा आता वय झालेला, आणि मुलाच्या प्रश्नाला बापाकडे उत्तर नाही. लेखकांनी भूतकाळ पुसला नाही, त्याचा हिशेब मांडला. कादंबरीकाराला अशी सामग्री कल्पनेने जमवावी लागते, इथे ती प्रत्यक्ष काळाने जमवून दिली होती. याच पद्धतीने पुढे जाण्याचा रस्ता सगळ्यांना मोकळा होता.

घेतला गेला तो दुसराच. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये जेम्स रायली या लेखकाने 1994-95 मध्ये मार्लेना या मानसोपचारतज्ज्ञ नायिकेला सैतानाने झपाटलं. प्रेक्षकसंख्या वाढली, आणि सगळ्या वाहिन्यांनी त्यातून चुकीचा धडा घेतला. 2003 मध्ये हाच लेखक परतला तेव्हा त्याने मालिकेतली दशकानुदशकं जुनी पात्रं एकामागून एक मारली आणि खुनी मार्लेनाच असल्याचं दाखवलं. कुटुंबाची आजी अ‍ॅलिस हॉर्टनही मेली. प्रेक्षक हादरले, त्यांनी शोक केला. मग कळलं की सगळे जिवंत आहेत, एका बेटावर डांबून ठेवले आहेत. ज्या प्रेक्षकाने खऱ्या अश्रूंनी निरोप दिला, त्याने पुढच्या वेळी रडावं कशाला? मृत्यूची किंमत शून्य झाली की प्रेमाची, विश्वासघाताची, पश्चात्तापाचीही शून्य होते.

असं का होतं, याचं उत्तर कारखान्यात आहे. आठवड्याला पाच भाग, वर्षाला सुमारे अडीचशे. मुख्य लेखक काही महिन्यांचा आराखडा करतो, दुसरे लोक त्यातून रोजच्या भागाची रूपरेषा काढतात, तिसरे संवाद लिहितात, आणि प्रत्येक टप्प्यावर वाहिनीचा अधिकारी शेरा मारतो. आकडे घसरले की मुख्य लेखकाला काढतात. नवा येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या मालिकेतून काढलेलाच असतो. त्याला मालिकेतल्या गावाचा इतिहास माहीत नसतो, शिकायला वेळ नसतो. म्हणून तो आपली दोन-तीन ओळखीची माणसं आणतो, जुन्या नटांना मागे ढकलतो आणि कुणाचा तरी हरवलेला मुलगा शोधून काढतो. त्यात जाहिरातदारांना हव्या असतात अठरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका. तीस-चाळीस वर्षं निष्ठेने पाहणारी सत्तरीतली बाई त्या हिशेबात मोजलीच जात नाही. मालिकेची स्मृती जिच्या डोक्यात आहे तीच बाद, अशी ही व्यवस्था आहे.

डग्लस मार्लंड या लेखकाला हे दिसत होतं. 1985 पासून त्याने 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' लिहिली आणि 1993 मध्ये, मृत्यूच्या थोडंसं आधी, मालिकेचा सत्यानाश कसा टाळावा याचे नियम मांडले. आधी मालिका पाहा, तिचा इतिहास शिका, प्रेक्षकांची पत्रं वाचा, पहिले सहा महिने कुणालाही काढू नका, मूळ पात्राचा स्वभाव आपल्या सोयीसाठी बदलू नका, नवी पात्रं सावकाश आणा. वरवर पाहता हे स्थितिप्रिय माणसाचे नियम वाटतात. पण याच मार्लंडने 1988 मध्ये आपल्या मालिकेत हँक एलियट हे समलिंगी पात्र आणलं, जेव्हा दुपारच्या पडद्यावर तसं कुणी नव्हतं. इतिहास जपणारा लेखकच नवं पाऊल टाकू शकला, कारण त्या गावातली कुठली व्यक्ती हँकला कसं स्वीकारेल किंवा नाकारेल, हे त्याला तीस वर्षांच्या कथेतून ठाऊक होतं.

'द गायडिंग लाइट'ने शेवटी बदल करून पाहिला, तोही चुकीच्या जागी. 2008 मध्ये स्टुडिओतले जड कॅमेरे गेले, हातातले छोटे डिजिटल कॅमेरे आले, न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात प्रत्यक्ष रस्त्यांवर चित्रण सुरू झालं. खर्च वाचवणं हा मोठा हेतू होता, तरी त्यात एक धाडस होतं. प्रकाश नैसर्गिक झाला, चेहरे जवळ आले. संवाद आणि पेच मात्र तेच राहिले, आणि दीड वर्षात मालिका बंद झाली. पाठोपाठ 2010 मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' गेली. 1956 मधल्या तिच्या पहिल्या भागातलं पहिलं वाक्य बोललेली हेलन वॅग्नर त्याच वर्षी मेपर्यंत, मृत्यूपर्यंत, त्याच नॅन्सी ह्यूजच्या भूमिकेत होती. एका नटीचं चोपन्न वर्षांचं म्हातारपणाकडे जाणं ज्यांच्या हाती आपोआप आलं होतं, त्यांनी शेवटच्या वर्षांत तिला नाताळच्या आणि लग्नाच्या दृश्यांपुरतं उभं केलं. या घोर अपव्ययाला क्षमा नाही.

भारतीय प्रेक्षकाची या जगाशी ओळख नव्वदच्या दशकात झाली. स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' दिसू लागल्या. 'सांता बार्बरा' ही डॉब्सन दांपत्याचीच निर्मिती. सर्वोत्तम मालिकेचा डेटाइम एमी पुरस्कार तिने 1988 पासून सलग तीन वर्षं मिळवला आणि 1993 मध्ये ती बंद केली गेली. दूरदर्शनवर 1994 मध्ये 'शांती' आली, नंतर सह्याद्री वाहिनीवर 'दामिनी'. दोन्ही दुपारच्या, दोन्हींच्या मध्यभागी प्रश्न विचारणारी पत्रकार स्त्री. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेची सुरुवात निक्सनच्या वाटेने झाली होती, हे विसरायला नको. पुढे रात्रीच्या हिंदी मालिकांनी रायलीची वाट धरली, मेलेला नवरा परतला आणि कथा वीस वर्षांची उडी मारू लागली. मराठी मालिकांनीही त्यातलं बरंच उचललं.

फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीएसने 'बियाँड द गेट्स' सुरू केली. 1999 मधल्या 'पॅशन्स'नंतर मोठ्या वाहिनीवर आलेली दिवसाची ही पहिलीच नवी मालिका. वॉशिंग्टनजवळच्या एका श्रीमंत वसाहतीतलं ड्युप्री हे कृष्णवर्णीय कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि निर्मितीत एनएएसीपी ही नागरी हक्कांची जुनी संघटना भागीदार आहे. कृष्णवर्णीय कुटुंबाला बरोबरीचं स्थान देणाऱ्या 'जनरेशन्स'ला एनबीसीने 1989 ते 1991 अशी दोन वर्षंही पुरती दिली नव्हती. नव्या मालिकेची जनक मिशेल व्हॅल जीन ही बाहेरून आलेली नाही. 'जनरल हॉस्पिटल' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल'मध्ये तिने वर्षानुवर्षं लिहिलं आहे. तिच्या कथेतला मुख्य पेच जुनाच आहे: घटस्फोटित नवरा मुलीच्याच मैत्रिणीशी लग्न करतो. जुना असायला हरकत नाही. या लग्नाने त्या कुटुंबात झालेली जखम पाच वर्षांनी, लेखक बदलल्यावरही, कुणाच्या तरी बोलण्यात आणि वागण्यात उरलेली असेल का, आणि ती उरू देण्याइतका वेळ वाहिनी देईल का, यावरून या मालिकेची परीक्षा व्हायची आहे. तिथेच तिच्या आधीच्या बहुतेक मालिका कमी पडल्या.