सांधा आणि आवर्तन

हिंजवडीला लागून असलेल्या माण गावाच्या हद्दीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा आहे. तिथल्या उंच इमारतींवर एकच खिडकी आडवी-उभी पुन्हा पुन्हा येते. सांधा कुठेच दिसत नाही, तरी नजर थकते. सांधा लपवणे आणि आवर्तन साधणे या दोन वेगळ्या कला आहेत. पिक्सेल-चित्रांविषयी बोलताना पहिलीचेच कौतुक होते, हा आपल्या दृश्य-समीक्षेतला उणेपणा आहे.

पिक्सेल-चित्र म्हणजे पडद्यासाठी एकेक ठिपका ठेवून काढलेले चित्र. संगणकीय खेळातली जमीन किंवा विटांची भिंत दाखवायला एक लहान फरशी काढून तीच सर्वत्र मांडतात. 16 बाय 16 ची फरशी म्हणजे 256 ठिपके. तिची उजवी कड डावीशी आणि वरची खालचीशी जुळली पाहिजे. त्यासाठी चित्र आठ ठिपके उजवीकडे आणि आठ खाली सरकवतात. बाहेर गेलेला भाग विरुद्ध बाजूने आत घेतात. मग कडा मधोमध भेटतात, सांधा अधिकच्या चिन्हासारखा उघडा पडतो आणि बुजवता येतो.

खरी परीक्षा यानंतरची. फरशी चार बाय चार मांडली, की गवतातले एखादे ठळक फूल रांगेत उभे राहते. सांधा नसूनही जाळी दिसते. अशा वेळी ठळकपणा फरशीभर समान वाटावा लागतो. किंवा कडा त्याच ठेवून आतली रचना बदललेल्या दोन-तीन फरश्या मिसळाव्या लागतात.

हे कोडे सोलापूरच्या चादरीने फार आधी हाताळले आहे. जॅकार्डच्या मागावर विणायची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड असते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. ही कार्डे ओवून शेवटचे पहिल्याला बांधतात. माळ फिरत राहते. शेवटची ओळ पहिलीशी जुळली नाही, तर प्रत्येक फेऱ्याला कापडावर तोच खंड उमटतो. पण चादर आपले आवर्तन लपवत नाही. ती नक्षी मोजता यावी अशी मांडते. तिथे आवर्तन हाच विषय असतो.

1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळे. त्या यंत्राला पार्श्वभूमीसाठी एका वेळी 8 बाय 8 च्या 256 फरश्याच मिळत. टंचाईतून आलेली ती काटकसर रंगाच्या एका बदलाने कल्पक ठरली.

आज जागेची तशी टंचाई नाही. त्यामुळे आवर्तन ही आता निवड आहे आणि निवडीचा जाब विचारता येतो. फरशी जमीन म्हणून मागे राहायची आहे, की नक्षी म्हणून पुढे यायची आहे? जमिनीने नजर अडवली, तर ती फसली. नक्षीने नजर धरली नाही, तर तीही फसली. सांधा दोन्हीकडे निर्दोष असू शकतो. म्हणूनच केवळ त्यावरून चित्राची पारख होत नाही.