‘ययाति’तील तीन निवेदक

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीचे निवेदन ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने करतात. पेडण्यापलीकडच्या शिरोड्यात खांडेकरांनी १९२० ते १९३८ या काळात अध्यापन केले. त्यामुळे सर्वण-डिचोलीच्या वाचकाला हा लेखक आपल्याच परिसरातला वाटतो. तो जिव्हाळा क्षणभर बाजूला ठेवून या निवेदनतंत्राकडे पाहिले पाहिजे.

शर्मिष्ठेचे दासीपण देवयानीला आपल्या अपमानाची रास्त भरपाई वाटते. शर्मिष्ठेच्या लेखी तो पित्याच्या राज्यासाठी केलेला त्याग आहे. घटना एकच, परंतु दुसरे निवेदन येताच पहिल्यातील अहंकार उघडा पडतो. येथे हे तंत्र सार्थ ठरते.

भाषेचे मात्र तसे नाही. तिघेही उपमा आणि सुभाषितवजा वाक्यांतूनच बोलतात. वरचे नाव झाकले, तर काही परिच्छेदांत बोलणारा कोण हे शैलीवरून ओळखता येत नाही. (मराठी क्रियापदाचे लिंग तेवढे मदतीला येते!) शिवाय ययातीवरील प्रेमापायी जिला जीव गमवावा लागतो, त्या अलकेला निवेदन नाहीच. राजा, ऋषिकन्या आणि राजकन्या बोलतात. राजवाड्यातील दासीची ही मुलगी ययातीच्या आठवणीपुरतीच उरते.