पण तिच्या पाठीचं काय झालं?

‘डोपसिक’ ही मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा एकटीनं, मोबाइलवर, एका शनिवार-रविवारात. दुसऱ्यांदा आत्यासोबत, तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून, मधे थांबवून संवाद मराठीत सांगत.

आत्याला २०१५ साली नागीण झाली. पुरळ महिन्याभरात गेलं, आग मात्र राहिली. डाव्या बरगडीला पदर लागला तरी ती दचकते.

मालिकेत बेट्सी नावाची खाणकामगार पोरगी गोळ्यांच्या व्यसनापायी मरते. मी डोळे पुसत होते. आत्या म्हणाली, “पण तिच्या पाठीचं काय झालं गं?”

मला सांगता येईना. कारण मालिकेलाच ते माहीत नव्हतं.

आधी हे सांगायला हवं की मालिका चांगली आहे. २०२१ची, आठ भागांची, बेथ मेसी यांच्या पुस्तकावर बेतलेली. पर्ड्यू कंपनीनं १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि याची सवय क्वचितच लागते असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. पुढे २००७ आणि २०२० अशी दोनदा कंपनीच्या बाजूनं कोर्टात गुन्ह्याची कबुली दिली गेली. त्यामुळे मालिकेतला राग खरा आहे. मायकेल कीटननं उभा केलेला डॉक्टर फिनिक्स तर विसरता येत नाही. खाणगावातला सज्जन माणूस, जी गोळी लिहून देतो तिच्यातच स्वतः अडकतो.

पण आत्याचा प्रश्न डोक्यात ठेवून पाहिलं की वेगळंच काही दिसायला लागतं. बेट्सीची पाठ सुरुवातीला आहे: खाणीतला अपघात, कामावर न जाता येण्याची भीती. मग गोळी येते आणि पाठ पटकथेतून हळूच निघून जाते. २०२३च्या ‘पेनकिलर’मध्येही तेच. गॅरेजवाल्या ग्लेनची पाठ मोडते, गोळी सुरू होते, पुढची गोष्ट गोळीची. दुखणं हा नुसता उंबरठा. तो ओलांडल्यावर कुणी मागे वळून पाहत नाही.

फिनिक्सची वाताहत झाल्यावर कॅमेरा त्याच्या मागे जातो. मला दवाखान्याच्या बाकावर थांबायचं होतं. तिथं एखादी अशीही बसली असेल, जिचा डोस वर्षानुवर्षं वाढला नव्हता, जी त्या गोळीच्या आधारावर उभी राहून स्वयंपाक करत होती. डॉक्टर गेला. तिनं कुणाकडे जायचं?

अशी माणसं अमेरिकेत खरोखर होती, आहेत. २०१६ साली तिथल्या सीडीसीनं दीर्घ दुखण्यावर ओपिऑइड देणाऱ्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मॉर्फीनच्या मापात दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या पुढे शक्यतो जाऊ नका, असा सल्ला होता. विमा कंपन्यांनी, औषध दुकानांनी, काही राज्यांनी त्याचा नियम करून टाकला. घाबरलेल्या डॉक्टरांनी जुन्या रुग्णांचे डोस झटकन तोडले, काहींना दारच बंद केलं. २०१९ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला की औषध असं एकदम थांबवल्यानं वेदना अनावर होते, माणसं आत्महत्येपर्यंत जातात. सूचना लिहिणाऱ्यांनीही त्याच वर्षी मान्य केलं की आमचं म्हणणं भलतंच वापरलं गेलं. २०२२च्या सुधारित सूचनांच्या शिफारशींतून तो आकडा गेला. दरम्यान डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कमी होत होत्या, आणि बेकायदा फेंटानिलमुळे मृत्यू वाढतच होते.

यावर मालिका का नाही? मला वाटतं, कारण यात खलनायक सापडत नाही. गोळ्या विकून गब्बर झालेलं घराणं पडद्यावर दाखवता येतं. “सॉरी, आता आम्ही हे देत नाही” म्हणणारी काउंटरवरची मुलगी कशी दाखवणार? ती तर नियमच पाळत असते.

आपल्याकडची गोष्ट उलट्या टोकाची. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फीन मिळणं इतकं अवघड केलं की २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. एप्रिल २०१८मध्ये ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याखाली आलं. आत्याची गोळी तीच. पुढच्याच वर्षी तिच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं, “यांना सवय लागलीय का?” आत्या घरी येईपर्यंत बोलली नाही. दुखण्यापेक्षा तो प्रश्न तिला जास्त लागला होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मीही तिच्याकडे संशयानं पाहिलं. अशी नजर मला या मालिकांनीच शिकवली होती.

म्हणून मी तिला ‘केक’ दाखवला, जेनिफर अ‍ॅनिस्टनचा, २०१४चा. तो अपघातानंतर बऱ्याच काळानं सुरू होतो. क्लेअर खडूस आहे, खोटं बोलते, गोळ्यांसाठी सीमा ओलांडून तिहुआनाला जाते, आणि तरीही तिचं दुखणं एका प्रसंगातही पडद्यावरून हटत नाही. गाडीत ती सीट पूर्ण मागे पाडून आडवी पडते. आत्या म्हणाली, “मी नाही का रिक्षात एका कुशीवर कलंडते, तसं.”

शेवटी मात्र ‘केक’ही घसरतो. क्लेअरचा मुलगा त्या अपघातात गेलेला. तिची वेदना म्हणजे साचलेलं दुःखच, अशी चित्रपट सोय लावतो. दुःखाला वाट मिळते आणि शेवटच्या प्रसंगात ती गाडीत उठून सरळ बसते. मला गहिवरून आलं.

आत्यानं पदर बरगडीवरून अलगद उचलून धरला आणि म्हणाली, “उद्या परत आडवी होईल ती.”